दोराला पाजलेलं पाणी

माझ्या धाकट्या भावाला होडीघरात सगळे ‘तीनदा’ म्हणतात. अगदी तोंडावर म्हणतात आणि तोही ओ देतो. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणार, गॅस बंद केला की तीनदा वाकून बघणार, आणि गाडीच्या टपावर होडी बांधली की गाडीभोवती तीन फेऱ्या मारणार. मी त्याला भित्रा म्हणायचे. सख्खी मोठी बहीण मी, मी नाही म्हणणार तर कोण म्हणणार? पण त्या सकाळी माझी जी पाचावर धारण बसली ती अजून पुरती उठलेली नाही, म्हणून हे सांगतेय.

आमचं होडीघर म्हणजे तळ्याकाठची एक लांबलचक पत्र्याची शेड. मी पुढच्या खिडकीत बसते. कुठली होडी कोणी नेली, वल्ही परत आली का, जाकिटं वाळत घातली का, सगळं माझ्याकडे. कोणी ओली जाकिटं तशीच कोपऱ्यात फेकली की माझ्या तोंडाचा पट्टा सुरू होतो, आणि तो तळ्याच्या पलीकडच्या काठाला ऐकू जातो असं लोक म्हणतात. म्हणोत. भाऊ मागच्या बाजूला होड्या दुरुस्त करतो, आणि कोणाला होडी दुसऱ्या तळ्यावर न्यायची असली की ती गाडीवर बांधून देतो. कनू होडी ती, तीन माणसं एकामागे एक आडवी झोपतील एवढी लांब, दोन्ही टोकांना निमुळती. ‘पाण्यावर ती आपलं ऐकते,’ तो म्हणतो, ‘टपावर चढली की वाऱ्याचं ऐकते.’

हा असा पहिल्यापासून नव्हता. एकोणीस वर्षांचा असताना लाकडाच्या वखारीत कामाला होता. त्यानं बांधलेल्या गाडीतून एक फळी सुटली आणि रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाची टोपी उडवून गेली. फक्त टोपी! माणसाला साधा ओरखडा नाही, तो तर हसला म्हणे. पण हा घरी आला तो तीन दिवस जेवला नाही. तेव्हापासून ही तीनदाची सवय. मुलगी बघायला गेला तर तिच्या वडिलांची खुर्ची डुगडुगतेय का तेच बघत बसला, लग्न कुठलं जमायला! माझा नवरा गेला तेव्हा एक ट्रंक घेऊन माझ्याकडे आला आणि मागच्या खोलीत राहिला. माझ्या लेकीला यानंच चालायला शिकवलं, पोहायला शिकवलं, स्कूटरसुद्धा यानंच शिकवली. स्वतः दुचाकीवर बसत नाही हं! लेक स्कूटर चालवायची आणि हा बाजूनं पळायचा.

बांधायची त्याची पद्धत ठरलेली. टपावरच्या दोन आडव्या दांड्यांवर रबराच्या पट्ट्या, त्यावर होडी पालथी. होडीच्या पोटावरून दोन दोर, एक पुढच्या दांडीला, एक मागच्या. मग पुढच्या टोकाचा दोर खाली गाडीच्या पुढच्या हुकाला, मागच्या टोकाचा मागच्या हुकाला. मग होडीला धरून गदागदा हलवणार. नुसती होडी हलली तर बांधणं फुकट. होडीबरोबर अख्खी गाडी हलली तर बरोबर. आणि सगळ्यात शेवटी पाणी. प्रत्येक गाठीवर एकेक मग. याला तो दोराला पाणी पाजणं म्हणतो. सुती दोर पाणी प्यायला की फुगतो, आखडतो, गाठ अशी आवळते की सोडवताना नखं दुखतात. वखारीत शिकला होता आणि सत्तावीस वर्षांत एकदाही चुकवलं नव्हतं. वाटेत दोर वाळला तर पुन्हा पाजायला म्हणून गाडीवाल्याच्या हातात एक भरलेली बाटलीही द्यायचा. लोक हसायचे आणि घ्यायचे.

तर ते सुती दोर. काळे पडलेले, कुबट वास मारणारे, आणि सदानकदा ओले! वाळवायला म्हणून माझ्याच घरात, माझ्याच खुर्च्यांवर. मी किती वर्षं सहन करणार? एक दिवस बाजारातून पांढऱ्या नायलॉनच्या दोराचं मोठं भेंडोळं आणलं. त्याच्या मापाचे तुकडे कापले, त्याच्या खुंट्यांवर टांगले, आणि जुने दोर पोत्यात भरून शेडमागे कचऱ्याच्या पिंपाशी टाकून दिले. उरलेला दोर अंगणात कपडे वाळत घालायला बांधला. दुकानदार म्हणाला होता, कुजणार नाही, वास मारणार नाही, हत्ती बांधला तरी तुटणार नाही. आणि खरंच होतं ते. तुटला नाहीच तो.

दुसऱ्याच दिवशी पलीकडच्या तळ्यावर मुलींची शर्यत होती. माझी लेक होडीघरात पोरींना वल्हवायला शिकवते. शाळेतले सर जीप घेऊन आले, चार पोरी आत बसल्या, बॅगा, वल्ही, जाकिटं. लेकीला जागा उरली नाही म्हणून ती स्कूटरवरून मागे जाणार होती. भावानं होडी चढवली, बांधली, हलवली. जीप हलली. मग तो पाण्यानं मग भरून घेऊन आला आणि दोरावर बोटं फिरवत उभा राहिला.

‘‘ताई, हा हाताला वेगळा लागतोय गं. गुळगुळीत आहे. ह्याला पाणी पाजायचं ना?’’

‘‘दोर तो दोर,’’ मी खिडकीतूनच म्हटलं. ‘‘पाज आणि सोड त्यांना.’’

‘‘दुकानदाराला विचारू का एकदा?’’

‘‘आता दोराची मुलाखत घेणार आहेस का? घाल पाणी!’’ मी खेकसलेच.

त्यानं पाणी घातलं. चारही दोरांच्या गाठींवर, नेहमीसारखं. बाटली भरून लेकीच्या हातात दिली. ‘‘पुलाआधी पेट्रोल पंपापाशी थांबा. पुन्हा पाजा. पुलावर वारा असतो.’’ मग दोन फेऱ्या मारल्या. तिसरीला निघाला तर मी बाहेर येऊन त्याची बाहीच धरली. सरांना उशीर होत होता.

तिसरी फेरी राहिली, तसा तो लेकीच्या स्कूटरपाशी गेला. ‘‘जीपच्या मागे तीन खांब अंतर ठेव. रस्त्यावरच्या दिव्यांचे तीन खांब. जवळ जाऊ नकोस, पण होडीवर नजर ठेव.’’

‘‘इतकी मागे राहिलीस तर उद्या पोचशील,’’ मी म्हटलं. ‘‘ह्याचं काय ऐकतेस? सरांच्या मागोमाग राहा, नाहीतर वाट चुकशील.’’

लेकीनं हेल्मेट चढवलं आणि आम्हा दोघांकडे बघून हसली. कोणाचं ऐकणार ते काही बोलली नाही.

ते गेले. मी शेडशेजारच्या आमच्या घरात गेले, चादरी पिळल्या आणि अंगणातल्या नव्या दोरावर टाकल्या. कोरडा असताना तो असा ताठ होता की बोटानं छेडला तर वाजायचा. चहा ठेवला, प्यायले, बाहेर आले तर चादरींची टोकं मातीत. म्हटलं, गाठ सुटली. बघते तर गाठ जागच्या जागी. चिडून चादरी ओढून काढल्या. वजन गेलं तरी दोर वर जाईना, माझ्या कमरेपाशी लोंबतच राहिला.

जुना सुती दोर असा नव्हता. त्यावर ओल्या चादरी टाकल्या की तो उलट ताणून बसायचा. हा ओला होऊन लांबला होता. मी तो मुठीत धरून ओढला, आणि तो आणखी आला, सहज आला. माझ्या काळजात धस्स झालं. मी चादरींसकट खाली बसले. डोळ्यांपुढे काय तर चार गाठी आणि एक मग.

‘‘तीनदा!’’ मी ओरडले. मग त्याचं घरातलं नाव घेऊन ओरडले. तो पळत आला. मी नुसता दोर दाखवला.

त्यानं दोर हातात घेतला. एकदा ओढला, सोडला. तोंडाचा रंगच उतरला त्याच्या. ‘‘ताई,’’ तो हळूच म्हणाला, ‘‘मी त्यांना बाटली दिलीय.’’

सरांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही हा सरांचा नियम, एरवी मी कौतुक करायचे त्याचं. लेकीला लावला. तिचा फोन स्कूटरच्या डिकीत. पुन्हा लावला, पुन्हा. पोरींचे नंबर माझ्याकडे नव्हते. मी मोपेड बाहेर काढली आणि वळून बघते तर हा गायब! शेडमागे पळाला होता. ‘‘आता कुठं मरायला गेलास?’’ मी किंचाळले. आला तो खांद्यावर पोतं घेऊन. जुन्या दोरांचं पोतं, कचऱ्यातून उचललेलं. माझ्या मागे बसला, पोतं मांडीवर आणि हात माझ्या कमरेभोवती.

सत्तावीस वर्षांत तो दुचाकीवर बसला नव्हता. रस्ता तळ्याला वळसा घालून जातो, पण बंधाऱ्यावरून पायवाट आहे, मोपेड जेमतेम मावते. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली दगड. मी वाटेवर घातली गाडी. तो डोळे मिटून बसला असणार, कारण त्याचं कपाळ माझ्या पाठीत रुतत होतं आणि बरगड्या मोडायची वेळ आली होती.

‘‘जोरात चालव,’’ तो म्हणाला.

हा शब्द त्याच्या तोंडून मी जन्मात ऐकला नव्हता. तेव्हा मला जास्तच भीती वाटली.

बंधाऱ्याच्या मध्यावर पोचलो आणि पाण्यापलीकडे पंप दिसला. जीप उभी होती. टपावर लाल होडी. म्हटलं, देवा, सापडले! आणि मग मला लेक दिसली. जीपच्या मागच्या चाकावर पाय देऊन ती उभी होती, हातात बाटली. एका गाठीवर ओतलं, उतरली, दुसऱ्या बाजूला गेली, पुन्हा चढली. मामानं शिकवलं तसं, सावकाश, एक थेंब वाया न घालवता. मी मोपेड थांबवून बोंब मारली. तळ्याच्या पलीकडे जाणारा माझा आवाज, पण वारा आमच्याकडे येत होता. भाऊ पोतं हलवत ओरडला. तिनं बाटली उलटी करून झटकली, स्कूटरवर बसली. जीप निघाली.

उरलेला बंधारा मी कसा पार केला ते मला विचारू नका. मी रडत होते आणि चालवत होते. डोक्यात एकच, ती कुठं असेल? जीपच्या मागोमाग? मी म्हटलं होतं तसं? सकाळपासून जे जे बोलले होते ते सगळं आठवत होतं, माझ्याच आवाजात. दोर तो दोर. ह्याचं काय ऐकतेस. एवढं तोंड चालवायला मला सांगितलं होतं कोणी?

बंधारा संपला आणि आम्ही पुलाच्या तोंडाशी रस्त्यावर आलो. जीप पुलावर चढलेली. मागे लेकीची पाठ, पिवळं जाकीट. पण मागून बघताना दोघांमधलं अंतर कळेना. दहा पावलं असतील की शंभर? मी हॉर्न दाबून धरला. मोपेडचा हॉर्न तो, चिरका, कोण ऐकतंय! होडीचं नाक वर उचललं आणि खाली बसलं. पुन्हा उचललं, या वेळी जास्त.

‘‘सुटली,’’ भाऊ माझ्या पाठीत म्हणाला. म्हणजे डोळे उघडे होते त्याचे.

वाऱ्यानं होडी बाजूला फिरवली. क्षणभर ती टपावर आडवी झाली आणि मागे घसरून रस्त्यावर आली. फुटल्याचा आवाज, मग खरवडल्याचा. स्कूटरचा मागचा लाल दिवा लागला, स्कूटर वाकडी झाली, सरळ झाली. मी डोळे मिटले. आई असून मिटले. मोपेड कशी थांबली, ठाऊक नाही. भावानं मागून दोन्ही पाय जमिनीला टेकवले असणार, कारण त्याच्या चपलांचे तळ नंतर पार घासलेले दिसले.

डोळे उघडले तर तो पळत होता. मी त्याच्यामागे पळाले.

लेक दोन्ही पाय टेकवून स्कूटरवर बसलेली. हेल्मेट तसंच. ब्रेकवरून हात सुटत नव्हते तिचे, मामानं एकेक बोट सोडवलं. तिच्या पुढे रस्त्याकडेला दिव्याचा एक खांब होता. त्या खांबाच्या पलीकडे होडी पडली होती, एक कड फुटलेली, रस्त्यावर लाल ओरखडे. तीन खांबांतले दोन ब्रेक लागेपर्यंतच संपले होते. एक उरला होता.

‘‘मामा म्हणाला होता,’’ लेक म्हणाली, ‘‘तीन खांब.’’ माझ्याकडे तिनं बघितलं नाही.

मी तिला पोटाशी धरलं. हेल्मेट माझ्या हनुवटीवर आपटलं, तरी सोडलं नाही. पलीकडून सर धावत आले. पांढरेफटक पडले होते आणि घाबरलेला माणूस चिडतो तसे चिडले होते. ‘‘तीनदा! अरे, काय बांधलंस हे? आज पोरगी गेली असती!’’

भाऊ दोराचं ओलं टोक हातात घेऊन उभा होता. त्याला सगळं कळलं होतं. दोर कोणी आणला, जुने कोणी फेकले, तिसरी फेरी कोणी अडवली. एक शब्द बोलला असता तरी पुरे होतं. ‘‘चुकलं सर,’’ तो म्हणाला. ‘‘पाणी मी घातलं.’’

खोटं कशाला बोलू, एक क्षण मला हायसं वाटलं. सर त्याच्याकडे बघत होते, पोरी त्याच्याकडे बघत होत्या, माझ्याकडे कोणीच नाही. गप्प राहिले असते तर आयुष्यभर ते त्याच्या नावावर राहिलं असतं आणि त्यानं ते वागवलं असतं, त्या टोपीसारखं. या माणसानं उद्यापासून दोराला हात लावला नसता.

‘‘त्यानं विचारलं होतं,’’ मी म्हटलं. मग मोठ्यानं म्हटलं. ‘‘सर, दोर मी बदलला. त्याला न सांगता. पाणी घालू का, असं त्यानं विचारलं होतं, दुकानदाराला विचारतो म्हणाला होता. मी खेकसले त्याच्यावर. त्याची काही चूक नाही. माझी आहे.’’

मागे गाड्या थांबल्या होत्या. सगळ्यांनी मिळून होडी उचलून पुलाच्या टोकापर्यंत नेली. शर्यतीला दुसरी होडी मागून घेऊ, सर म्हणाले, पण हिला इथं टाकून कसं जाणार? भावानं पोतं उलटं केलं. काळे, कुबट दोर. तो बांधायला लागला, पण फास जुळेना. मी दोराचं दुसरं टोक धरून उभी राहिले. जसा सांगेल तसं ओढलं, जसा सांगेल तसं सोडलं, एकदाही मध्ये बोलले नाही. शेवटी त्यानं होडी हलवली. जीप हलली.

एका पोरीनं तिची पाण्याची बाटली पुढे केली. त्यानं ती घेतली, झाकण उघडलं आणि थबकला.

‘‘ताई,’’ तो म्हणाला, ‘‘ह्याला पाणी पाजायचं ना?’’

सकाळचाच प्रश्न, तोच आवाज. टोचून नव्हता विचारत, त्याला खरोखर भीती वाटत होती. आणि मलाही. इतकी वर्षं ज्या दोराचा वास सोसला, त्याबद्दल मला छातीठोक सांगता येईना. मी दोराचं सुटं टोक हातात घेतलं, पीळ उकलला, बोटांनी चुरगळून बघितला. कापूसच होता. त्यावर थोडं पाणी घेतलं, मुठीत दाबून धरलं, वाट बघितली, ओढलं. आलं नाही. पुन्हा ओढलं.

‘‘पाज,’’ मी म्हटलं. ‘‘थोडं थोडं. मी बघते प्रत्येक गाठ.’’

चारही गाठी झाल्या. त्यानं दोन फेऱ्या मारल्या आणि सरांच्या घड्याळाकडे बघून थांबला. मग मी निघाले. पुढचा हुक ओढला, बाजूच्या गाठी दाबल्या, मागच्या टोकाला लोंबकळून बघितलं. जीपमधून एक पोरगी म्हणाली, ‘‘आता आपल्याकडे दोन तीनदा!’’ आणि सगळ्या हसल्या, रडून झाल्यावर हसतात तशा. भाऊसुद्धा हसला.

मला हसू आलं नाही. लेक स्कूटर चालू करत होती. मी तिच्यापाशी गेले, हेल्मेटचा पट्टा तीनदा ओढून बघितला.

‘‘चार खांब,’’ मी म्हटलं.